अर्थ लावण्याचा अधिकार

1899 सालच्या कार्तिकात पंचगंगेच्या घाटावर शाहू महाराजांचे स्नान चालू होते. पुरोहित वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हणत आहे, हे सोबतच्या राजारामशास्त्री भागवतांनी महाराजांच्या ध्यानात आणून दिले. तिथून जे वेदोक्त प्रकरण पेटले ते कोल्हापूर संस्थानात कित्येक वर्षे धुमसत राहिले. राजोपाध्यांची इनामे जप्त झाली, ‘केसरी’ने महाराजांविरुद्ध लिहिले, प्रकरण इंग्रज सरकारपर्यंत गेले, आणि शेवटी 1920 साली महाराजांनी पाटगावच्या मौनी महाराजांच्या गादीवर क्षात्रजगद्गुरू बसवला. शिवाजी पेठेतल्या माणसाला हा इतिहास नव्याने सांगावा लागत नाही. ग्रंथ पवित्र आहे एवढे म्हणून भागत नाही. तो कोणाच्या तोंडून यायचा, कोणाच्या कानावर पडायचा आणि त्याचा अर्थ अमुकच असे कोणी ठरवायचे, हे प्रश्न त्याच्या मागोमाग येतात. या गावाने हे सोसून शिकलेले आहे.

म्हणूनच कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातला शास्त्रार्थाचा वाद कोल्हापूरच्या वाचकापुढे ठेवताना मला संकोच वाटत नाही. दोन्ही वाद एकसारखे आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. वेदोक्तात भांडण मंत्राच्या अधिकाराचे होते आणि त्याच्या मुळाशी जात होती. ख्रिस्ती वादात ग्रंथ ऐकण्याचा अधिकार जन्मावरून कोणाला नाकारलेला नव्हता. तिथे खडाजंगी झाली ती पुढच्या पायरीवर: ग्रंथ सर्वांचा असेल, तर त्याच्या अर्थावरून दोन माणसांत फाटले की निवाडा कोणी द्यायचा? रोमच्या धर्मपीठाने, पंधराशे वर्षांच्या परंपरेने, की ग्रंथाने स्वतःच?

मराठी वाचकाला हा वाद बहुधा शाळेच्या इतिहासातून भेटतो. मार्टिन लूथर, पापमुक्तीपत्रे, चर्चच्या दारावर लावलेले प्रबंध, साल 1517, आणि प्रकरण संपते. त्यामुळे समज असा होतो की हे युरोपातले एक जुने भांडण होते, पैशाच्या भ्रष्टाचारावरून उठले आणि निवले. आपल्याकडे तर ‘ख्रिश्चन’ म्हणून एकच कप्पा केलेला असतो, आणि त्यात वसईचा कॅथलिक शेतकरी, अहमदनगरचा प्रॉटेस्टंट शिक्षक, गोव्याकडची कुटुंबे आणि मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातली परिचारिका अशी सगळी माणसे एकत्र कोंबलेली असतात. शेजाऱ्याला न ओळखण्याचा हा एक प्रकार आहे, आणि मला तो मनापासून खटकतो. या माणसांच्या आजोबा-पणजोबांनी मराठीत विचार करून, मराठीत लिहून या वादात भाग घेतलेला आहे. आपल्या वैचारिक इतिहासाचा तो भाग आपण वाचलेलाच नाही.

कोल्हापूरपुरते बोलायचे तर इथे ख्रिस्ती धर्म मुख्यतः प्रॉटेस्टंट वाटेने आला. अमेरिकन मिशनरी आर. जी. वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले. पुढे त्यांचे मिशन अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या छत्राखाली गेले. गावातले वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्या नावाचे. मिरजेत विल्यम वॉन्लेस यांनी उभे केलेले हॉस्पिटलही त्याच प्रेस्बिटेरियन परंपरेतले. 1870च्या सुमारास इंग्लंडच्या अँग्लिकन मिशननेही इथे काम सुरू केले, आणि ऑल सेंट्स चर्च हे त्यांच्या परंपरेचे.  पुण्याचा कॅथलिक धर्मप्रांत 1886 साली स्थापन झाला. घाट उतरून सावंतवाडीकडे गेले की कॅथलिक वस्ती दाट होते, आणि 2005 पासून सिंधुदुर्गाला स्वतंत्र धर्मप्रांत आहे.

प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये गेलात तर भिंती मोकळ्या दिसतात. मूर्ती नाही, संतांची चित्रे नाहीत, नजर व्यासपीठाकडे आणि त्यावरच्या बायबलकडे जाते. कॅथलिक चर्चमध्ये वेदी, क्रूसावरचा ख्रिस्त, मारियेची मूर्ती, तेवती मेणबत्ती. बाहेरच्याला हा केवळ सजावटीतला फरक वाटतो. पण दहा आज्ञा मोजण्याची रीतच दोघांची वेगळी आहे. कोरीव मूर्तीविषयीचा निर्बंध कॅथलिक पहिल्याच आज्ञेचा भाग मानतात आणि शेवटी लोभाच्या दोन वेगळ्या आज्ञा करून दहा भरतात. प्रेस्बिटेरियन मूर्तीची आज्ञा दुसरी म्हणून स्वतंत्र मोजतात. मजकूर तोच, अक्षर इकडचे तिकडे नाही, आणि तरी एका भिंतीवर चित्र आहे व दुसरी कोरी आहे. लूथरपंथीयांनी या बाबतीत कॅथलिकांचीच मोजणी ठेवली, म्हणजे प्रॉटेस्टंट म्हणून एकच एक घर कधी नव्हते, हेही इथेच दिसते.

आता वादाच्या गाभ्याकडे. 1519 साली लाइपझिगच्या जाहीर वादसभेत प्रतिपक्षाने लूथरला कोपऱ्यात घेतले, आणि त्याने मान्य केले की पोपच काय, धर्मसभासुद्धा चुकू शकतात. माझ्या मते 1517च्या प्रबंधांहून हा क्षण मोठा आहे. प्रबंधांत एका गैरप्रकारावर बोट ठेवले होते; लाइपझिगला निवाडा देणारे न्यायालयच नाकारले गेले. दोन वर्षांनी वर्म्स इथे सम्राटासमोर त्याने आपले म्हणणे मागे घ्यायला नकार दिला: शास्त्राने आणि स्पष्ट युक्तिवादाने पटवा, एरवी माझा विवेक बांधलेला आहे. रोमचे रीतसर उत्तर ट्रेंटच्या धर्मसभेत 8 एप्रिल 1546 रोजी आले. प्रभूची शिकवण लिखित पुस्तकांत आहे तशीच प्रेषितांपासून हातोहात आलेल्या अलिखित परंपरांतही आहे, आणि दोन्ही सारख्याच आदराने स्वीकारायची. पवित्र शास्त्राचा खरा अर्थ ठरवणे हे ख्रिस्तसभेचे काम, आणि तिने धरलेल्या अर्थाविरुद्ध कोणी स्वतःच्या बुद्धीने शास्त्र वाकवू नये, असा तो ठराव.

दोन्ही बाजूंविषयी एकेक सोपा गैरसमज प्रचलित आहे. कॅथलिक पोपला बायबलच्या वर बसवतात, असे प्रॉटेस्टंट पुस्तकांतून वाचायला मिळते. कॅथलिक शिकवण तसे म्हणत नाही. शिकवण देणारी सत्ता वचनाची सेवक आहे, धनी नाही, असेच ती म्हणते. दुसरीकडे, प्रॉटेस्टंट म्हणजे ज्याला जो वाटेल तो अर्थ, असे कॅथलिक पुस्तकांतून वाचायला मिळते. लूथर आणि कॅल्व्हिन दोघेही ऑगस्टीनसारख्या जुन्या धर्मपित्यांचे आयुष्यभराचे वाचक होते. कोल्हापूरच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या मागे जो सतराव्या शतकातला वेस्टमिन्स्टर विश्वासनामा उभा आहे, तो सांगतो की शास्त्रातले अवघड वचन शास्त्रातल्याच स्पष्ट वचनांच्या उजेडात लावावे. वाचकाच्या लहरीला त्यात जागा नाही. ‘केवळ शास्त्र’ या घोषणेचा अर्थ शास्त्राखेरीज काही वाचू नये असा नव्हता. शेवटचा शब्द शास्त्राचा, एवढा तिचा अर्थ.

पण शास्त्र म्हणजे नेमकी कोणती पुस्तके? इथे कॅथलिक बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा येतो. येशूने पुस्तक लिहिले नाही, शिष्य मागे ठेवले. मंडळी आधी होती, नवा करार नंतर लिहिला गेला. नव्या कराराची आज आहे तशी नेमकी 27 पुस्तकांची यादी अथनेशियस या बिशपच्या 367 सालच्या पत्रात प्रथम मिळते. मग यादी परंपरेकडून घ्यायची आणि अर्थाच्या वेळी परंपरेला बाहेर उभे करायचे, हे कसे? प्रॉटेस्टंटांचे उत्तरही कच्चे नाही. गुजरीतल्या सराफाने सोने पारखले म्हणून सोन्याला सोनेपण त्याने दिले असे होत नाही. तसे मंडळीने या पुस्तकांतला अधिकार ओळखला, निर्माण केला नाही. ही दोन्ही उत्तरे मी पुष्कळदा ताडून पाहिली आहेत. सराफाचा दाखला मला पटतो, पण पारख करणाऱ्यावर आधी विश्वास ठेवावा लागतो, ही कॅथलिकांची आठवणही त्याने पुसली जात नाही.

यादीचा हा प्रश्न कोरडा नाही. कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तके, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये 66. जुन्या कराराची टोबित, यहुदीथ, मक्काबींची दोन, शलमोनाचे ज्ञान, बेनसिरा आणि बारूख ही सात पुस्तके ग्रीक भाषांतरातून आली. यहुद्यांच्या हिब्रू संग्रहात ती नव्हती. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात युद्धात पडलेल्यांच्या पापासाठी अर्पण आणि प्रार्थना केल्याचे येते. 2 नोव्हेंबरला कॅथलिक कुटुंब कबरींवर फुले ठेवून मृतांसाठी मिस्सा सांगते, त्याला असलेल्या आधारांपैकी हा एक. प्रॉटेस्टंट पाळक त्याच कबरीजवळ प्रार्थना करतो ती मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी. वडील गेलेल्या मुलासाठी हा फरक पंडितांचा राहत नाही.

याखेरीज दोनच वचने सांगतो, कारण या पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणांत ती वारंवार येतील. मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात येशू पेत्राला म्हणतो की या खडकावर मी माझी मंडळी रचीन. कॅथलिकांच्या लेखी खडक म्हणजे पेत्र, आणि त्याच्या गादीवरचा रोमचा बिशप. प्रॉटेस्टंटांच्या लेखी खडक म्हणजे पेत्राने आत्ताच दिलेली कबुली, किंवा ज्याची कबुली दिली तो ख्रिस्त. दुसरे, पौल रोमकरांस लिहितो की माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब लिहितो की नुसत्या विश्वासाने नाही, कर्मांनीही ठरतो. लूथरने जर्मन भाषांतरात पौलाच्या वाक्यात ‘केवळ’ हा शब्द घातला, आणि याकोबाच्या पत्राविषयी तो फारसे आदराने बोलला नाही. शास्त्राने शास्त्र लावायचे म्हटले तरी कोणत्या वचनाच्या उजेडात कोणते वचन वाचायचे, हे आधी कोणीतरी ठरवतेच.

हे सर्वप्रथम प्रॉटेस्टंटांनाच भोगावे लागले. 1529 साली मारबुर्ग इथे लूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले. पोप दोघांनाही अमान्य, शास्त्र दोघांनाही मान्य. ‘हे माझे शरीर आहे’ या प्रभुभोजनाच्या चार शब्दांवर ते एकमत होऊ शकले नाहीत, आणि वेगळे झाले. रोमची अडचण उलट्या बाजूची. ज्या गोष्टी बायबलमध्ये स्पष्ट शब्दांत नाहीत त्या परंपरेत बीजरूपाने होत्या असे म्हणत मारियेचे निष्कलंक गर्भधारण 1854 साली आणि तिचे सदेह स्वर्गारोहण 1950 साली श्रद्धेचे सिद्धांत म्हणून जाहीर झाले. बीज कोणते आणि कलम कोणते, हे ओळखायची कसोटी काय? जॉन हेन्री न्यूमनने 1845 साली या प्रश्नावर एक थोर ग्रंथ लिहिला आणि त्याच वर्षी तो अँग्लिकन चर्च सोडून कॅथलिक झाला. त्याच ग्रंथाने पुष्कळांना पटवले नाही, हेही खरे.

इथवरची हकीगत कोणत्याही भाषेत सांगता येईल. मला हे पुस्तक लिहावेसे वाटले ते पुढच्या भागासाठी.

ख्रिस्ती कथेचा मराठीतला पहिला मोठा ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण, 1616 साली गोव्यात राचोल इथे छापलेले. त्यातली मराठीची स्तुती सर्वांना ठाऊक आहे आणि आपण बहुधा तिथेच थांबतो. हा माणूस इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातला. एलिझाबेथ राणीच्या राज्यात तिथे कॅथलिक राहणे गुन्ह्याच्या जवळ गेले होते. तो रोमला जाऊन जेझुइट झाला आणि 1579 साली गोव्याला उतरला. म्हणजे ज्या वादाविषयी आपण बोलतो आहोत, त्यानेच त्याला घराबाहेर काढून साष्टीत आणून सोडले. त्याने बायबलचे भाषांतर केले नाही. दहा हजारांवर ओव्यांत जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा पुराण म्हणून रचली. नवख्रिस्ती शिष्य प्रश्न विचारतो, पाद्रीगुरू उत्तर देतो, आणि बायबलमधल्या घटनांत देवदूतांच्या पतनासारखी शतकानुशतकांची शिकवण एकजीव झालेली असते. ट्रेंटनंतरच्या नियमांनी लोकभाषेतल्या बायबलवाचनाला परवानगीचे कुंपण घातले होते, आणि गोव्यात तर 1560 पासून इन्क्विझिशन होते. पण क्रिस्तपुराण केवळ निर्बंधामुळे पुराण झाले असे मला वाटत नाही. शास्त्र एकट्याने वाचायची वस्तू नाही, ते सांगणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये, जमलेल्या लोकांत, अर्थासकट पोचते, ही कॅथलिक समजूत त्या ओव्यांच्या हाडात आहे. पुराण सांगायची आपली रीतही तीच होती. म्हणून एक इंग्रज तिच्यात इतका सहज सामावला. 1684 साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषा मोडून काढायचे फर्मान काढले नसते, तर या परंपरेचे पुढे काय झाले असते याचा विचार केला की जीव हळहळतो.

त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी प्रॉटेस्टंट आले ते सुटा ग्रंथ हातात घेऊन. विल्यम केरी यांनी बंगालातल्या श्रीरामपूरहून 1805 साली मराठीत मत्तयाचे शुभवर्तमान आणि 1811 साली नवा करार छापला. 1813 पासून मुंबईत अमेरिकन मराठी मिशनने गद्य भाषांतरे, छापखाना आणि शाळा असा मार्ग धरला. शाळा हा त्यातला उपचार नव्हता. प्रत्येकाने शास्त्र स्वतः वाचायचे असेल तर प्रत्येकाला वाचता यायला हवे, मुलींनासुद्धा. कोल्हापुरात वाइल्डर यांनी येताच शाळा काढल्या त्या याच तर्काने. 1804 साली लंडनला स्थापन झालेल्या बायबल सोसायटीचा नियमच होता की बायबल टीपेशिवाय, भाष्याशिवाय छापायचे. 1826च्या सुमारास मोठा वाद होऊन तिने ती जास्तीची सात पुस्तके छापायला पैसे देणेही बंद केले. गावोगावच्या मराठी ख्रिस्ती घरात 66 पुस्तकांचे, बिनटीपेचे पवित्र शास्त्र आले त्यामागे हे दोन निर्णय आहेत. पण बिनटीपेचा ग्रंथ वाचणाऱ्याला लगेच टीप हवीशी झाली. बेळगावात जन्मलेले, 1854 साली बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी यांना आपण ‘यमुनापर्यटन’साठी ओळखतो, त्यांनी नव्या करारावर मराठीत भाष्यही लिहिले. केवळ शास्त्र मानणाऱ्यांची मराठी परंपरा अशी पहिल्याच पिढीत सुरू झाली.

आणि मग ती दोन माणसे, ज्यांच्यासाठी मी या पुस्तकाची सर्वांत अधिक पाने राखली. नीळकंठशास्त्री गोरे आणि पंडिता रमाबाई. दोघेही चित्पावन घराण्यांतले, दोघेही संस्कृतात मुरलेले, दोघांनाही ग्रंथप्रामाण्य म्हणजे काय हे बायबल हाती येण्याआधीच ठाऊक. गोरे 1825 साली झाशीजवळ जन्मले, काशीला वाढले, ख्रिस्ती मताचे खंडन करायला निघाले आणि 1848 साली स्वतःच बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले. त्यांचा बाप्तिस्मा कट्टर प्रॉटेस्टंट वळणाच्या मिशनमध्ये झाला. पुढे ते तिथून सरकत सरकत अँग्लिकन चर्चच्या कॅथलिक वळणाच्या बाजूला गेले, 1870 साली धर्मगुरू झाले आणि काउली फादर्स या संन्यस्त संघात उमेदवार म्हणून राहिले. षड्दर्शनांचा पंडित होता तो. सूत्र आणि भाष्य यांची ताटातूट करता येत नाही हे त्याच्या रक्तात होते. भाष्यकारांची अखंड परंपरा नसेल तर सूत्राचा हवा तो अर्थ निघतो, हे दर्शनांच्या अभ्यासकाला कोणी सांगावे लागत नाही. गोऱ्यांचा प्रवास मला त्या शिस्तीतून झालेला दिसतो. रोमला मात्र ते गेले नाहीत, आणि शंकांनी त्यांचा पिच्छा शेवटपर्यंत सोडला नाही.

रमाबाई ख्रिस्ती झाल्या त्यात गोऱ्यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता, हे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. मठ कॅथलिक वळणाचा. मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांची अपेक्षा होती की नव्या शिष्येने चर्चचे सिद्धांत चर्च सांगते म्हणून स्वीकारावेत. रमाबाईंनी ते नाकारले. त्रैक्याचा सिद्धांत, अथनेशियसच्या नावाने चालणारा मतांगीकार, येशूचा कुमारीपोटी जन्म, एकेका गोष्टीवर त्या शास्त्रातला आधार मागत राहिल्या. पुरुषांना शिकवू नये म्हणून बिशपांनी हरकत घेतली तेव्हा त्यांनी ती हरकतही तपासायला घेतली. 1885च्या एका पत्रात त्यांनी स्पष्ट कळवले की एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले आहे, तसेच दुसरे मानेवर घ्यायची आपली तयारी नाही. हा सगळा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. मूळ इंग्रजीत आहे. पण रमाबाईंचे प्रत्येक वाक्य मराठी भूमीवरून उठलेले आहे. विधवा, स्त्री, पुराणिकाची मुलगी. वडिलांबरोबर रानोमाळ पुराणे सांगत हिंडलेल्या आणि दुष्काळात आई-वडील गमावलेल्या बाईला परंपरा या शब्दात जे ऐकू येत होते, ते वाँटेजच्या भगिनींच्या कल्पनेतही नव्हते.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबलचे मराठी भाषांतर केले. आश्रमातल्या बायकांनी खिळे जुळवले, कागद छापले, पुस्तके बांधली. 1922च्या एप्रिलमध्ये रमाबाई वारल्या आणि 1924 साली संपूर्ण ग्रंथ बाहेर आला. अर्थ स्वतः तपासायचा हक्क ज्या बाईने मागितला, तिने त्या हक्काची किंमत आयुष्यातली वर्षे देऊन चुकती केली. प्रॉटेस्टंट तत्त्वाचा याहून उजळ दाखला मला कुठल्याही देशात माहीत नाही. आणि तरी गोऱ्यांचा प्रश्न शिल्लक राहतोच: रमाबाईंच्या हातातले हिब्रू व्याकरण आणि ग्रीक कोश हेही कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या जपून पुढे दिलेले होते.

रेव्हरंड टिळक या चौकटीत नीट बसत नाहीत. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अखेरच्या वर्षांत मिशनच्या बंधनातून बाहेर पडून ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सर्वांसाठी. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेल्या माणसाला धर्मपीठ आणि पोथी या दोहोंहून अनुभव जवळचा वाटला. त्याचा विचार मी स्वतंत्र प्रकरणात केला आहे. तो तिसरा पक्ष आहे, तडजोड नव्हे.

विसाव्या शतकाने पुष्कळ धार बोथट केली. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने 18 नोव्हेंबर 1965 रोजी जो दस्तऐवज संमत केला, त्यात शास्त्र आणि परंपरा हे एकाच झऱ्यातून आलेले म्हटले, आणि सर्व श्रद्धावंतांनी बायबल वाचावे असा आग्रह धरला. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीत ऑग्सबुर्ग इथे व्हॅटिकन आणि लूथरन जागतिक संघ यांनी विश्वासाने नीतिमान ठरण्याच्या शिकवणीवर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्याकडे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीला दिले आणि त्याला 2013चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. त्यातली प्रास्ताविके आणि टिपा मुद्दाम पाहाव्यात. कॅथलिक नियमाप्रमाणे लोकभाषेतल्या बायबलला स्पष्टीकरण हवेच असते, पण दिब्रिटोंच्या टिपा वाचकाला बांधून घालत नाहीत, हात धरून नेतात. प्रॉटेस्टंट घरांतही हे पुस्तक वाचले जाते, याचा मला फार आनंद आहे.

म्हणून आता सगळे एकच, असे कोणी म्हणू लागला तर मी ते मानणार नाही. प्रेमाने म्हटले तरी ते खरे नाही. कॅथलिक वेदीवरचा परमप्रसाद प्रॉटेस्टंटाला सामान्यपणे घेता येत नाही. नवरा कॅथलिक आणि बायको प्रॉटेस्टंट अशा घरात रविवारी सकाळी हा फरक हजर असतो. मुलांचा बाप्तिस्मा कुठे, प्रभुभोजन कोणाच्या हातून, आजीसाठी मिस्सा सांगायची की नाही, हे प्रश्न त्यांना सोडवावे लागतात, आणि ते सोडवताना ती माणसे जो समंजसपणा दाखवतात तो पंडितांनी शिकावा असा आहे. मतभेद नाहीसा झाला असे सांगून त्यांचा प्रश्न सुटत नाही. मतभेद नेमका कुठे आहे आणि कुठे नाही हे कळले, तर निदान नसत्या जागी भांडण होत नाही.

माझा स्वतःचा कल लपवत नाही. निवाड्याचा शेवटचा अधिकार एका गादीकडे असावा हे मला पटत नाही. वेदोक्ताच्या गावात वाढलेल्याला ते पटणे अवघड आहे. पण एकट्या वाचकाला ग्रंथ पुरेसा आहे हेही मला पटत नाही, आणि गोऱ्यांनी माझी ती समजूत पक्की केली. कॅथलिक वाचकाला पहिल्या प्रकरणांत लूथरविषयी माझा आदर जास्त वाटेल, प्रॉटेस्टंट वाचकाला क्रिस्तपुराणाविषयीचा. दोघांनीही आपला आक्षेप मनात ठेवून पुढे जावे.

पुस्तकाची मांडणी कालक्रमाने नाही. पहिल्या भागात वादग्रस्त वचने घेतली आहेत, प्रत्येकाचे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट वाचन त्या त्या बाजूच्या माणसाला मान्य होईल अशा शब्दांत देण्याचा प्रयत्न केला आहे. दुसऱ्या भागात मराठी माणसे. तिसरा भाग लहान आहे आणि आजच्या मंडळ्यांविषयी आहे. वाचताना शक्य असेल तर दोन बायबल जवळ ठेवावीत, एक बायबल सोसायटीचे आणि एक दिब्रिटोंचे. मत्तयाचा सोळावा अध्याय आणि याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आधी दोन्हींतून वाचावा, टिपा झाकून. मग टिपा उघडाव्यात, आणि त्यानंतर पहिले प्रकरण सुरू करावे.

शिवाजी पेठ, कोल्हापूर